मेंढपाळांची मिस्सा

नाताळ जवळ आला की धर्मगुरूच्या टेबलावर याद्यांचा ढीग पडतो. गोठ्यासाठी गवत कोण आणणार, गायनवृंदाचा सराव किती वाजता, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम दिली की नाही, आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद केव्हा न्यायचा. एक ना दोन. या याद्यांत 'आनंद' हा शब्द मात्र कुठेच नसतो. तो आम्ही प्रवचनासाठी राखून ठेवलेला असतो. गेली पंचवीस वर्षे आम्ही नाताळच्या आनंदावर बोलत आलो आहोत. पण खरे सांगायचे तर, गेल्या आगमनकाळात तो आनंद आमच्याच खोलीकडे फिरकला नव्हता.

आगमनकाळाचा तिसरा रविवार हा आनंदाचा रविवार. गोरेगावच्या सेमिनरीत त्याचे 'गौदेते' हे लॅटिन नाव आम्ही हौसेने घोकले होते. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी उपासनावस्त्र घालून आम्ही सांगितले की, फिलिप्पैकरांना आनंद करण्यास सांगणारा संत पौल त्या वेळी बंदिवासात होता. लोकांनी ऐकून घेतले. आमच्या मनाला मात्र ते शिवले नाही.

त्याच संध्याकाळी नाताळच्या तयारीची बैठक झाली. रात्रीच्या मिस्सेला मंडप अपुरा पडतो, सकाळी नऊच्या मिस्सेलाही दाटी असते. पहाटे सहाच्या मिस्सेला मात्र पंधरा-वीस माणसे. ती बंद करावी, असे ठरले. आम्हीही चटकन होकार दिला. एवढेच नव्हे, तर रात्रीच्या मिस्सेला न येणाऱ्यांना आदल्या वर्षी आम्ही प्रवचनातून चार शब्द सुनावलेही होते.

दुसऱ्या दिवशी घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही नावड्याला गेलो. दिवा-पनवेल मार्गावरील नावडे रोड स्थानकात उतरले की एका बाजूला जुने आगरी गाव, दुसऱ्या बाजूला सिडकोच्या वसाहतीतील इमारती आणि पलीकडे तळोजा औद्योगिक वसाहतीची धुराडी. २०१६ साली हा भाग पनवेल महानगरपालिकेत आला, २०२३ साली शेजारच्या पेंधरपर्यंत मेट्रो धावू लागली; परंतु वारा फिरला की रसायनांचा वास अजूनही घरात शिरतो. आमची माणसे येथे कामाच्या ओढीने आली. कोणी नगरकडचे, कोणी जालन्याचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, तर कोणी थेट झारखंडातून आलेले. जिन्यात पाच भाषा ऐकू येतात.

आमच्याबरोबर गायनवृंदातील चार मुले, एक गिटार आणि एक ढोलकी होती. तिसऱ्या मजल्यावर एका घराची घंटा वाजविण्यापूर्वीच दार उघडले. दारातील बाईंनी ओठांवर बोट ठेवले होते.

"फादर, जरा हळू हं. हे रात्रपाळी करून आलेत, आत्ताच डोळा लागलाय."

हे कुटुंब मूळचे हरेगावकडचे. एका खोलीचे घर. मध्ये चादरीचा पडदा, पडद्यामागे घरधनी झोपलेले. अलीकडे शेजारच्या आगरी वहिनी करंज्या लाटीत बसल्या होत्या. दिवाळीला त्यांच्याकडून आलेले फराळाचे ताट रिकामे कसे परत करायचे, म्हणून नाताळच्या करंज्या करायला त्या स्वतःच पोळपाट घेऊन आल्या होत्या! आम्हांला पाहताच त्यांनी लाटणे बाजूला ठेवले आणि डोक्यावर पदर घेतला.

आम्ही कुजबुजत प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले. ढोलकी भिंतीशी निमूट टेकून उभी होती. घरातील सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र गाणे हवेच होते. मग चार तरुण, तो मुलगा, त्याची आई आणि आम्ही, सर्वांनी श्वासाएवढ्या आवाजात नाताळगीत म्हटले. मध्येच मुलाला हसू फुटले, ते त्याने हाताने दाबले; त्याचे पाहून शेजारच्या वहिनींनी तोंडाला पदर लावला. पडद्यामागे घोरणे संथपणे चालू होते. इतके हळू गाइलेले नाताळगीत आम्ही आयुष्यात ऐकले नव्हते आणि कित्येक महिन्यांत आमचे मन इतके हलकेही झाले नव्हते.

कोपऱ्यात खोक्याचा गोठा होता. त्यात मेंढपाळांच्या रांगेत पिवळे हेल्मेट घातलेला एक खेळण्यातला कामगार उभा. "एक मेंढपाळ फुटला," मुलगा आमच्या कानात म्हणाला, "म्हणून पप्पांना ठेवलंय. तेपण रात्री जागतात."

नाताळला सुट्टी असेल ना, असे आम्ही विचारले. बाई म्हणाल्या, "नाही, फादर. बॉयलर कुठं बंद ठेवतात? चोवीसची रात्रपाळी आहे. सकाळी सातला सुटतील." मग किंचित थांबून, "मागच्या वर्षी तुम्ही बोललात, ते ह्यांच्या मनाला फार लागलं होतं."

आम्ही निरुत्तर झालो. क्षमा मागितली ती तेथेच, त्याच कुजबुजत्या आवाजात.

परतताना गाडीत संत लूकचा दुसरा अध्याय डोळ्यांपुढे आला. प्रभुजन्माची वार्ता प्रथम कोणाला मिळाली? रात्री कळप राखणाऱ्यांना. म्हणजे त्या रात्री ज्यांची पाळी होती त्यांना. आणि बाळाला पाहून ते कोठे गेले? देवाची स्तुती करीत माघारी गेले, असे लूक सांगतो. आपल्या मेंढरांकडेच गेले असणार. आनंदाने त्यांचे काम सुटले नाही; तेच काम ते आनंदाने करू लागले असतील. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे गोठ्याचा देखावा मांडला. २०१९ साली त्याच गावी पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली. गोठ्यात लोहार, रोटीवाला अशी साधी माणसे ठेवण्याची रीत त्यांनी त्यात वाखाणली आहे. रोजची कामे आनंदाने करण्यातील पावित्र्य त्यांना तेथे दिसले. नावड्याच्या त्या मुलाने ते पत्र वाचले नव्हते. पण त्याचे पिवळे हेल्मेट अगदी योग्य जागी होते.

आणखी एक गोष्ट आठवली आणि लाज वाटली. ख्रिस्तजयंतीच्या मिस्सा तीन: रात्रीची, पहाटेची, दिवसाची. पहाटेच्या मिस्सेचे शुभवर्तमान मेंढपाळांचे; म्हणून परंपरेने तिला 'मेंढपाळांची मिस्सा' म्हणतात. आम्ही बंद करायला निघालो होतो ती नेमकी हीच!

ती मिस्सा आम्ही ठेवली. फक्त सहाऐवजी साडेसातला. डिसेंबराच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सातनंतरच उगवतो, तेव्हा 'पहाट' म्हणण्यास फारशी अडचण नव्हती. नाताळच्या सकाळी आम्ही मोजली, एकेचाळीस माणसे आली. कारखान्यातील कामगार, एक परिचारिका, दोन पहारेकरी, एक रिक्षावाला. कोणाच्या कपड्यांना तेलाचा वास, कोणाच्या हातात डबा. नावड्याचे ते गृहस्थ मुलाचा हात धरून शेवटच्या बाकावर बसले आणि प्रवचन सुरू होताच त्यांना डुलकी लागली. पत्नी त्यांना हलवू लागली, तेव्हा आम्ही वेदीवरूनच मानेने नको म्हटले. प्रवचनात झोपलेल्या माणसाकडे पाहून आम्हांला आनंद झाला, तो आयुष्यात प्रथमच. प्रवचनही आम्ही आवरते घेतले.

प्रिय वाचकहो, नाताळचा काळ एका रात्रीत संपत नाही. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तो चालतो. या दिवसांत आपल्या घरी कोणी दमून झोपले असेल, कोणी पीठ मळत असेल, कोणी शेजारचे ताट भरत असेल. तेथे क्षणभर थांबा. घरातील कोणाची रात्रपाळी असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी नाताळ पुन्हा साजरा करा. आणि आमच्यासारखा एखादा धर्मगुरू घाईघाईने मोठ्या आवाजात आनंद सांगत आपल्या दारी आलाच, तर ओठांवर बोट ठेवून त्याला खुशाल थांबवा. त्याचे भलेच होईल.