आधी पत्रा, मग इंजिन

जुनी गाडी घरच्या अंगणात हळूहळू पुन्हा उभी करायला, तीही बेताच्या पैशात, मला प्रीमियर पद्मिनीच योग्य वाटते. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून आलेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात दशकानुदशके बनली. 1,089 सीसीचं तिचं साधं इंजिन घरीही उघडता येतं. लोक मात्र इंजिनाचा आवाज ऐकून सौदा करतात, आणि चूक तिथेच होते. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. तो सडला की खर्चाला अंत नाही. म्हणून समुद्रकाठच्या खाऱ्या हवेतली चालती गाडी सोडून हिंगणघाट-आर्वीकडच्या कोरड्या उन्हात बंद पडलेली शोधावी. उन्हाने रबर तडकतं, हे खरं. पण रबर बदलता येतं. कागदपत्रं नसतील तर मात्र फुकटातही नको, कारण 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतंच.