'हॅव' आणि आपले 'असणे'

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात जी क्रियापदे भेटतात, त्यांत 'हॅव' हे दिसावयास अगदी साधे. 'आय हॅव अ बुक' म्हणजे 'माझ्याजवळ पुस्तक आहे', एवढे समजले की आम्हां विद्यार्थ्यांस वाटते, हे क्रियापद आता आपले झाले. परंतु पुढे 'आय हॅव अ ब्रदर', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव टु गो' अशी वाक्ये येऊ लागतात आणि ध्यानात येते की, या एका शब्दासाठी मराठीत एक शब्द नाहीच!

आमच्या भाषेत पुस्तक माझ्याजवळ असते, पण भाऊ मला असतो. शेत माझे असते, ताप मला येतो, धैर्य अंगी असते आणि जाणे टळत नसेल तर मला जावे लागते. इंग्रजाने एकाच मुठीत धरलेल्या गोष्टी मराठीने अशा निरनिराळ्या ठेवल्या आहेत. आम्हां बेळगावकरांचे कानडी शेजारीही हा भेद जाणतात. पुस्तकासाठी ते 'नन्न हत्तिर', म्हणजे माझ्याजवळ, म्हणतात. भावासाठी मात्र 'ननगे', म्हणजे मला.

मूठ हा शब्द आम्ही उगीच योजिला नाही. 'हॅव'चे मूळ 'पकडणे' या अर्थाच्या धातूत आहे, असे भाषाशास्त्र सांगते. लॅटिनमधील 'हाबेरे' दिसावयास याचे जुळे भावंड. पण खरे नाते आहे ते 'कापेरे', म्हणजे पकडणे, या शब्दाशी. 'आय हॅव रिटन अ लेटर' या रचनेचाही उगम तोच. लिहिलेले पत्र मजपाशी आहे, या भावातून ती पुढे कालवाचक झाली. मराठी तेथेही 'मी पत्र लिहिले आहे' असे म्हणून 'असणे'च वापरते.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. 'माझ्याकडे दोन बहिणी आहेत', 'माझ्याकडे वेळ नाही' अशी वाक्ये अलीकडे आमच्याच बोलण्यात व निबंधांत शिरली आहेत. वास्तविक 'माझ्याकडे बहीण आहे' म्हटल्यास घरातील वडील मंडळी विचारतील, ''कधी आली? किती दिवस राहणार?'' कारण मराठीत त्याचा अर्थ, बहीण आपल्या घरी मुक्कामास आली आहे, असा होतो. नाते सांगावयाचे तर 'मला दोन बहिणी आहेत' हेच खरे. आणि वेळही 'मला' नसतो.

इंग्रजी आम्हांस उत्तम यावयास हवी, यात शंका नाही. 'हॅव'ची ही सारी रूपे कसून शिकावीत. मात्र त्याचे मराठी करताना क्षणभर थांबून पाहावे, ही वस्तू जवळची आहे, नात्याची आहे, की अंगची? पैसा जवळ असतो, आई मला असते आणि विद्या अंगी असावी लागते. इतका विवेक जी भाषा आम्हांस न शिकविता देते, ती सांभाळणे आम्हांस अवघड का वाटावे?