रंगाखालचे चाक

कोल्हापूरला आपण जातो ते अंबाबाईच्या दर्शनाला, गुळाच्या बाजाराला, नाहीतर दवाखान्याच्या कामाला. वाचकहो, पुढच्या खेपेला तासभर राखून शिवाजी उद्यमनगरात एक चक्कर मारा. लेथची घरघर, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि तेलाचा वास यांनी भरलेल्या त्या गल्ल्यांत शेतकऱ्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मी गेलो होतो मलकापूरकडच्या एका शेतकरी स्नेह्यांबरोबर. त्यांच्या वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली जुनी जीप अजून त्यांच्या दारात आहे. १९४७ नंतर मुंबईत महिंद्रा कंपनीने विलिस जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे विकास योजनांबरोबर ही गाडी खेडोपाडी पोचली. आमच्या खात्याच्या कितीतरी लोकांनी हिच्यातूनच चिखल तुडवला. स्नेह्यांच्या मुलीचे लग्न वैशाखात होते. वरातीला आजोबांची जीप काढायची, म्हणून पाचही चाके रंगवून घ्यायची होती.

चाके टेम्पोत टाकली, बांबवड्याला चहा घेतला, जोतिबाचा डोंगर डावीकडे ठेवून पंचगंगेचा पूल ओलांडला आणि उद्यमनगर गाठले.

मिस्त्रींनी रंगाची गोष्टच काढली नाही. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडली, मग टायर-ट्यूब उतरवले. "लष्करातून आलेल्या काही जीपांची चाके दोन तुकड्यांची असतात, आठ नटांनी जोडलेली," ते म्हणाले. "हवा असताना ते नट सैल केले तर तुकडा उडून माणूस जागीच जातो." आमची चाके एकसंध, सोळा इंची, पाच बोल्टची होती. तरी हवा सोडण्याचा नियम तोच.

मग वायर ब्रशने गंज खरवडला. जुना रंग जाळून काढायचा नाही, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते आणि धूर फुप्फुसात जातो. खरवडतानाही तोंडाला चांगला मास्क हवा. टायर जिथे बसतो ती कड आणि व्हॉल्व्हचे भोक पॉलिश पेपरने गुळगुळीत केले. तिथे खरबरीतपणा राहिला तर ट्यूब घासून फाटते.

चौथ्या चाकाचा जाड रंग निघाला आणि मिस्त्री थांबले. बोल्टच्या दोन भोकांमध्ये केसाएवढा तडा होता. रंगाच्या चार थरांखाली तो किती वर्षे दडला होता कोण जाणे!

"वेल्डिंग मारा की," स्नेही म्हणाले. "वडिलांच्या हातचे चाक आहे."

मिस्त्रींनी हातातला ब्रश खाली ठेवला. "मालक, वेल्डिंग मारून वर रंग दिला तर तुम्हाला नवे चाक दिसेल. पण वरातीत बसणार कोण?"

स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरे शोधू." त्याच मापाचे चाक जुन्या बाजारात मिळाले. तेही खरवडून, तपासूनच घेतले.

उरलेले काम असे. साफ केलेले लोखंड उघडे ठेवू नये, त्याच दिवशी प्रायमर द्यावा. दमट हवेत रातोरात गंज धरतो. प्रायमरचे दोन पातळ हात, ते वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात. नट बसतात ती जागा आणि हबला टेकणारी बाजू यांवर जाड रंग चढू देऊ नये. रंग दाबला जाऊन नट सैल पडतात. रंग कडक वाळल्यावरच टायर चढवावा. नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाहावेत. आणखी एक गंमत! जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. माहीत नसेल तर माणूस सोडवायच्या नादात नट आवळत बसतो आणि बोल्ट मोडतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जीप कुठे आहे? पण ट्रॅक्टर असेल, ट्रॉली असेल. मागच्या टायरांत पाणी भरलेले असेल तर गळक्या व्हॉल्व्हपासून रिम आतून खाल्ली जाते. खत आणि शेणमूत बाहेरून खातात. वर्षातून एकदा तरी रिम धुऊन बोल्टच्या भोकांभोवती बारकाईने पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे, टायर चढलेल्या रिमला कधीही वेल्डिंग करू देऊ नका. हवा सोडलेली असली तरी उष्णतेने आत वायू होतो आणि टायर बाँबसारखा फुटतो. 'पाच मिनिटांचे काम आहे' असे कोणी म्हणाले, तर चाक उचलून सरळ घरी या.

वरात थाटात निघाली. तडा गेलेले चाक स्नेह्यांनी भंगारात दिले नाही, की ते पुन्हा कुणाच्या गाडीला लागेल. मिस्त्रींकडून त्याचा मधला भाग कापून घेतला आणि उरलेली कड गोठ्याजवळच्या कढीपत्त्याच्या आळ्याभोवती ठेवली. मुलगी माहेरी आली की तिथूनच पाने तोडते.