काट्यांचा पाहुणचार

घरात झाडं लावणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गातली माणसं तुळस, सदाफुली, जास्वंद आणि फार तर कोपऱ्यात थोडा गवती चहा एवढ्यावर समाधानी असतात. ही झाडं आपल्यासारख्याच संस्कारांत वाढलेली. पाणी मिळालं तर फुलतात, नाही मिळालं तर दोन दिवस माना टाकतात आणि तांब्याभर पाण्यावर पुन्हा हसायला लागतात. दुसऱ्या वर्गातल्या माणसांना परदेशी झाडांचा नाद असतो. त्यांच्या घरात झाडं नसतात, पाहुणे असतात. आमची सौभाग्यवती दुसऱ्या वर्गातली. आणि मी? मी कुंड्या उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात नेणारा हमाल.

हा नाद पुण्यामुंबईत शोभतो. आमचा चिंचपाडा पडला नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेच्या वाटेवर. गावाच्या नावातच झाड आहे. भोवती साग, मोह, पळस. पावसाळ्यात कौलावर पडलेलं बीसुद्धा रुजतं. अशा गावात कुंडीत निवडुंग जोपासणं म्हणजे समुद्रकाठी राहून मिठाची पुडी तिजोरीत ठेवण्यापैकी आहे. भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी आमच्या ओट्यावरची कुंड्यांची रांग पहिल्यांदा पाहिली तेव्हा पाटी खाली ठेवून विचारलं, "ताई, कुंपण घरात कशाला लावलंत? तुमच्याकडे चोर आतून येतो का?"

सौ.ने त्यांना शास्त्र समजावलं. बांधावरचा त्रिधारी निवडुंग हा कॅक्टस नव्हेच. तो शेराच्या कुळातला, तोडला की पांढरा चीक गळतो. कॅक्टसचं कुळ जवळजवळ सगळं अमेरिकेतलं. त्याचे काटे सालीतून थेट फुटत नाहीत, कापसाच्या बारीकशा गादीवर बसलेले असतात. मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे चीक नाही?" "नाही." "मग कुंपणाला काय उपयोग? ढोरं खाऊन टाकतील की!" पाटी उचलून मावशी गेल्या. वनस्पतिशास्त्राचा इतका दणदणीत पराभव मी तरी पाहिलेला नाही.

कॅक्टसला काही लागत नाही, असा एक समज आहे. तो कॅक्टस विकणाऱ्यांनी पसरवला असावा. त्याला माती चालत नाही, म्हणून नदीची जाड वाळू, विटांचा चुरा आणि कोळसा असं मिश्रण लागतं. ऊन हवं, पण सावलीतून एकदम उन्हात आणलं तर अंग भाजतं. पाणी हवं, पण केव्हा हवं ते तो सांगत नाही. त्याची पाण्याची काटकसर अशी की, इतर झाडं दिवसा श्वासाची छिद्रं उघडतात, हा गृहस्थ रात्री गारव्यात उघडतो. एवढ्या काटकसरी प्राण्याला रोज पाणी पाजलं की तो मुळापासून कुजतो; आणि वरून मात्र हिरवागार दिसत राहतो. एके दिवशी बोट लावावं तर आत सगळा लगदा!

त्यात त्याला पिठ्या ढेकूण लागतो. मग काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, एकेक काटा चुकवत ते पांढरे ठिपके पुसत बसायचं. ह्याच ढेकणाचा एक लांबचा भाऊबंद म्हणजे लाल रंग देणारा कोचिनील किडा. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात 1795 साली तो ब्राझीलहून कलकत्त्याला आणला गेला. पण आला तो हलक्या जातीचा. रंग यथातथाच निघाला आणि किड्यानं फड्या निवडुंग मात्र फस्त केला.

आमच्या ओट्यावर एक लालभडक गोंडाही आहे. त्याच्यात हिरवं द्रव्य नावालाही नाही, म्हणजे स्वतःचं अन्न करता येत नाही. म्हणून त्याचं कलम दुसऱ्या हिरव्या कॅक्टसच्या खांद्यावर बांधलेलं असतं. खालचा राबतो, वरचा मिरवतो. सौ. त्याला 'घरजावई' म्हणते. शेजारी अँथुरियम. त्याला हवेत ओलावा लागतो, कॅक्टसला कोरडेपणा. मे महिन्यात एक खूश, तर जुलैत दुसरा. दोघंही एकाच वेळी खूश आहेत, असा दिवस सासूसुनांच्या घरात जितक्या वेळा येतो तितक्याच वेळा आमच्याकडे येतो.

गेल्या पावसाळ्यात सौ.च्या हृदयाची झडप बदलायची ठरली. ऑपरेशन सुरतेला, जाऊनयेऊन सहा आठवडे. तिकडे लेक राहते, ती आईजवळ थांबणार आणि मी शाळेच्या सुट्ट्या पुरवून येऊनजाऊन करणार. आदल्या रात्री सौ.ने माझ्या हातात वही ठेवली. मला वाटलं, बँकेची पासबुकं, विम्याचे कागद असलं काहीतरी असेल. वहीत प्रत्येक कुंडीचं पान होतं. पहिल्या पानावर लाल शाईत: 'काही करू नये.' गाडीत बसल्यावर ती खिडकीतून म्हणाली, "अहो, माझं काहीही होवो, पाणी घालू नका."

काही न करणं किती कष्टाचं असतं ते मला तेव्हा कळलं. सौ. दवाखान्यात म्हटल्यावर गल्लीचं प्रेम उतू चाललं होतं आणि ते ओतायला कुंड्यांइतकी सोयीची जागा नव्हती. येणारा प्रत्येकजण हळहळायचा आणि तांब्या शोधायचा. "सर, झाडं सुकलीत हो, काकू आल्या की काय म्हणतील!" मी ओट्यावर खुर्ची टाकून सोटा घेऊन बसल्यासारखा बसायचो. तांब्या आणि बादली मी माळ्यावर टाकली.

पाणी खुशाल घाला, असं वहीत एकच पान म्हणत होतं. ते ब्रह्मकमळाचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं. आपण रात्री शेजाऱ्यांना बोलावून, उदबत्ती लावून ज्याची पूजा करतो तो मेक्सिकोकडच्या जंगलातला, झाडांवर वाढणारा कॅक्टस. त्याची पानंसुद्धा पानं नव्हेत, चपटी खोडं आहेत. कॅक्टसला कमळ म्हणायची आपली हौस मोठी. ड्रॅगन फ्रूट हेही कॅक्टसचंच फळ. 2021 साली शेजारच्या गुजरात सरकारनं त्याचं नाव 'कमलम' ठेवलं. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटाच्या ह्या टोकाला घेतलेलं ड्रॅगन फ्रूट त्या टोकाला पोचेपर्यंत कमलम झालेलं असतं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी, नेमका मी घरी असताना, ब्रह्मकमळाच्या तीन कळ्यांनी संध्याकाळी माना वर केल्या. साडेनऊला गल्ली जमली. मावशीही आल्या. मी लेकीच्या फोनवर सौ.ला फुलं दाखवली. नळ्या लावलेल्या, आवाज बसलेला. ती बराच वेळ नुसतीच बघत राहिली. मग म्हणाली, "फोन जरा डावीकडे करा." मला वाटलं, तिला तिसरं फूल बघायचंय. तिला घरजावई बघायचा होता. "पाणी नाही ना घातलंत?" "नाही गं." "मग ठीक." मी फोन ठेवून आत गेलो आणि उगीचच स्वयंपाकघरातला दिवा लावून उभा राहिलो. बाहेर कोणीतरी मसाला दुधाचं विचारत होतं.

आता ती घरी आहे. डॉक्टरांनी कागद दिलाय: दिवसाला पाणी दीड लिटर, चहा-ताक धरून, एक घोटही जास्त नाही. भेटायला येणारे शहाळी आणतात, सरबत आणतात, पेज आणतात. आणि मी दारात खुर्ची टाकून बसतो. वहीत मी शेवटी एक नवीन पान घातलंय. ते तिनं परवा वाचलं. "मी काय कॅक्टस आहे का?" म्हणून कडाडली.

त्या आवाजावरून मावशी म्हणाल्या, "ताईंची तब्येत सुधारली म्हणायची!"