सिरोंच्याची न आलेली आगबोट

आगबोट म्हटली कीं आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस कोंकणचा किनारा आठवतो. भाऊचा धक्का, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. मचव्यांतून चढउतार करतांना उडणारी तारांबळ, आणि घरच्या वडील माणसांनीं सांगितलेल्या बोट लागण्याच्या कथा. परंतु समुद्रापासून शेंकडों मैल आंत, चांदा जिल्ह्याच्या निबिड सागवानी अरण्यांतून आगबोटी चालविण्याचा उद्योग एके काळीं सरकारनें आरंभिला होता, त्याच्यापायीं निजामाशीं तह झाला, एक नवा जिल्हा जन्मास आला, आणि दहा-अकरा वर्षांत तो सारा उद्योग मोडीतही निघाला, ही हकीकत विदर्भांतील मंडळींसही क्वचितच ठाऊक असते. त्या आगबोटींचा माग काढण्यासाठीं आम्ही गेल्या हिवाळ्यांत सिरोंच्यास गेलों.

चांद्याहून, म्हणजे आतांच्या चंद्रपुराहून, निघून आलापल्ली गांठली कीं खरें अरण्य लागतें. १९८२ सालच्या २६ ऑगस्टला चांद्यापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तो हाच. आलापल्लीचा साग पूर्वी नदीच्या पाण्यावर सोडून देत. तो वाहत वाहत थेट राजमहेंद्रीस पोहोंचे. येथून सिरोंचा सुमारें शंभर किलोमीटर. जसजसें दक्षिणेस जावें तसतशी मराठी विरळ होत जाते, तेलुगू कानीं पडूं लागते, आणि सिरोंच्याच्या बाजारांत तर आपण महाराष्ट्रांत आहोंत याची आठवण सरकारी पाट्यांनींच करून द्यावी लागते.

गांवाच्या कडेनें प्राणहिता वाहते. वर्धा आणि वैनगंगा या दोघींचें पाणी घेऊन चपराळ्याजवळ तिनें हें नांव धारण केलें, आणि सिरोंच्यापाशीं ती गोदावरीस मिळते. समोर, तेलंगणाच्या तीरावर, काळेश्वराचें प्रसिद्ध क्षेत्र. तेथें एकाच पिठावर दोन शिवलिंगें आहेत, एक काळेश्वराचें व दुसरें मुक्तेश्वराचें. हिवाळ्यांतील तो शांत, विस्तीर्ण संगम पाहिला म्हणजे येथें जहाजें चालवावीं अशी कल्पना कोणाच्याही मनांत यावी. मात्र चैत्र-वैशाखांत हेंच पात्र वाळू आणि खडक यांनीं भरून जातें. आणि त्या खडकांतच पुढील सर्व कथेचें मर्म आहे.

ही कल्पना ज्यांनीं उचलून धरली ते सर आर्थर कॉटन. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें १८४७ ते १८५२ या काळांत गोदावरीवर बंधारा बांधून त्यांनीं दुष्काळी मुलूख भाताचें कोठार करून सोडला. तेथील कालव्यांतून पाण्याबरोबर नावाही चालत. मग तोच जलमार्ग वर वाढवीत गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून हिंगणघाटच्या कापसापर्यंत कां नेऊं नये, असें त्यांनीं मांडलें. अंतर चारशें मैलांहून अधिक. परंतु त्या काळीं वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांवरून महिनेच्या महिने वाट तुडवीत मुंबईस वा मिर्झापुरास जात असे. त्या मानानें पाण्याची वाट फारच स्वस्त. शिवाय परत येतांना नावांनीं किनाऱ्यावरचें मीठ आणावें. हिशेब मोठा आकर्षक होता. त्यांतच १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हेही या योजनेचे पुरस्कर्ते झाले.

नदीचा डावा तीर निजामाचा होता. सबब १८६० सालीं निजामाशीं तह करून सिरोंचा, नूगूर, अलबाका, चेर्ला, भद्राचलम् व रेकापल्ली हे तालुके इंग्रज सरकारनें घेतले आणि गोदावरीवरील वाहतूक जकातमुक्त करविली. या तालुक्यांचा अप्पर गोदावरी जिल्हा झाला व सिरोंचा त्याचें मुख्य ठिकाण झालें. तेथील डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड यांच्या नांवाचें ग्लासफर्डपेठा हें खेडें या तालुक्यांत आजही आहे. इंग्रजी नांवाला तेलुगू ‘पेठा’ जोडलेलें हें गांव त्या काळाची चालतीबोलती खूण होय.

कामाची धुरा हेग नांवाच्या लष्करी इंजिनियरकडे होती. वाटेंत तीन ठिकाणीं खडकांच्या रांगा नदीस आडव्या येतात: पहिली भद्राचलम्‌च्या वर दुम्मागुडेम येथें, दुसरी इंद्रावतीच्या संगमाखालीं इंचमपल्ली येथें, आणि तिसरी प्राणहितेवर अहेरी तालुक्यांतील देवलमरी येथें. प्रत्येक ठिकाणीं बंधारा घालून पाणी अडवावें, खडकाच्या बाजूनें कालवा काढावा, आणि त्या कालव्यांत एकाखालीं एक दरवाजांचे हौद बांधून त्यांत पाणी भरून वा सोडून नाव पायऱ्यांप्रमाणें चढवावी-उतरवावी, अशी ही योजना. दुम्मागुडेमचा बंधारा उभा राहिला. तो अद्याप टिकून आहे. वरच्या दोन्ही ठिकाणचीं कामें मात्र पुरीं झालींच नाहींत.

याचीं कारणें एकांत एक गुंतलेलीं आहेत. अरण्यांत वस्ती तुरळक, त्यामुळें मजूर बाहेरून आणावे लागत, आणि हिंवतापानें ते टिकत नसत. नदीस भरपूर पाणी असे तें वर्षांतून कांहीं महिनेच. एरवीं आगबोट काय, भरलेला पडावही वाळूंत रुते. युद्ध १८६५ सालीं संपलें व कापसाचा भाव उतरला. शेवटचा घाव आगगाडीनें घातला. १८६७ च्या फेब्रुवारींत रूळ नागपुरास पोहोंचले, आणि जो माल पावसाची वाट पाहत नदीकांठीं पडून राहावयाचा तो बारमाही मुंबईस जाऊं लागला. पुढें वर्ध्याहून हिंगणघाट व वरोऱ्यापर्यंतही रूळ गेले. ऑक्टोबर १८७१ मध्यें सरकारनें गोदावरीचीं कामें बंद केलीं. १८७४ सालीं भद्राचलम् व रेकापल्ली मद्रास इलाख्यास देण्यांत आले, बाकीचा प्रदेश चांदा जिल्ह्यास जोडला गेला, आणि सिरोंच्याचें वैभव मावळलें.

आगबोट आली नाहीं. परंतु तिच्यासाठीं आंखलेली सीमा राहिली. तो तह न होता तर सिरोंचा निजामाच्या राज्यांतच राहिला असता, आणि आज बहुधा तेलंगणांत असता. ज्या नदीचा राजमार्ग करावयाचा होता तिची सरहद्द झाली! दोन्ही तीरांवर भाषा एक, सोयरीक एक, देव एक. पण पैलतीर म्हणजे परकें राज्य.

या सरहद्दीवरून माणसांची ने-आण पुढें शंभरांहून अधिक वर्षें केली ती डोंग्यांनीं. घाटावर आम्हांस एक वृद्ध नावाडी भेटले. आमच्या सोबत्यानें त्यांस ‘तात’ म्हणून हांक मारली. तेलुगूंत आजोबांस असें म्हणतात. २०१६ च्या सुमारास गोदावरीवर सिरोंचा-काळेश्वर पूल झाला आणि त्यांचें वल्हें थांबलें. ‘पुलामुळें तुमचें नुकसान झालें ना, बाबा?’ असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, ‘धंदा बुडाला, साहेब, तें खरें. पण पूर आला म्हणजे घाटावर अडलेली बाळंतीण मीं पाहिली आहे. डोंगा सोडावा तर दोघांचा जीव जाणार, न सोडावा तर तिचा. आतां मध्यरात्रींसुद्धां गाडी जाते. पूल बरा.’

परंतु पूल सगळीकडे झालेले नाहींत. २०२४ च्या जानेवारींत चामोर्शी तालुक्यांतील गणपूरजवळ वैनगंगेंत नाव उलटली, आणि मिरची तोडण्याच्या मजुरीस निघालेल्या सहा स्त्रिया बुडाल्या. त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडचा जगाशीं संबंध वारंवार तुटला. इकडे मोठ्या योजना थांबलेल्या नाहींत. सिरोंच्याच्या खालीं गोदावरीवर तेलंगणानें बांधलेला मेडीगड्डा येथील बंधारा जून २०१९ मध्यें सुरू झाला. त्याच्या फुगवट्याचें पाणी शेतांत शिरल्याची सिरोंचा तालुक्यांतील शेतकऱ्यांची तक्रार आहे. आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्याचे कांहीं खांबच खचले. २०१६ च्या कायद्यानें देशांतील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत वैनगंगा-प्राणहिता हाही एक आहे. म्हणजे कॉटनसाहेबांची आगबोट कागदावर पुन्हां एकदां निघाली आहे!

कॉटन यांच्या बुद्धीविषयीं वा हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. धवळेश्वरम्‌च्या मुलखांत त्यांस आजही देवाप्रमाणें मानतात, आणि तें योग्यच आहे. पण तेथें त्यांनीं नदीकांठच्या शेतकऱ्याची गरज पाहिली होती. येथें गणित मांडलें गेलें तें हिंगणघाटच्या कापसाचें आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचें. कांठावरच्या गोंड, माडिया, ढिवर माणसांस चारशें मैल खालीं जावयाचें नव्हतें. त्यांस पलीकडच्या बाजारास, माहेरास, वैद्याच्या दारीं जावयाचें होतें. नदीच्या लांबीचा विचार थोरामोठ्यांनीं पुष्कळ केला, तिच्या रुंदीचा विचार एकट्या नावाड्यानें केला. यापुढें या नद्यांसंबंधीं जी कोणती योजना होईल, तिनें आधीं ही रुंदी मोजावी, एवढेंच आमचें मागणें आहे.