खांब मोजत चालताना

अँजिओप्लास्टी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचा हात छातीकडे जातो. पायाच्या रक्तवाहिनीतही फुगा घालतात हे सांगितलं, की पाहुणेमंडळी आधी नवल करतात आणि मग हमखास विचारतात, "म्हणजे आता कायमचं बरं झालं ना?" त्याचं खरं उत्तर कळायला आमच्या घराला काही वर्षं लागली.

आम्ही हुबळीच्या गोकुळ रोडला राहतो. मामंजी मूळचे निपाणीकडचे. तंबाखूच्या मुलखात वाढल्यामुळे चिमूट पहिल्यांदा तोंडात कधी गेली, हे त्यांनाही आठवत नाही. पुढं साखरही लागली. सत्तरीनंतर चालताना त्यांची डावी पोटरी धरू लागली. विजेचे दोन खांब झाले की उभं राहायचं, दोन मिनिटांत पोटरी मोकळी, की पुन्हा दोन खांब. शेजारच्या अज्जी "निधान, निधान" म्हणायच्या. २०१९ साली अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब ताडून पाहिला. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ दशांशापेक्षा कमी असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण समजतात. मामंजींचा निम्म्यावर होता. पाय राहतो की जातो, अशी वेळ आली होती.

गंमत म्हणजे हा उपाय आधी पायाचाच. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत ओरेगॉनला डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायातली अरुंद रक्तवाहिनी आतून नळ्या सरकवून रुंद केली. आजींनी पाय कापून घ्यायला साफ नकार दिला होता. पुढं जवळजवळ अडीच वर्षं त्या जगल्या, त्या स्वतःच्या पायांवर चालत. झुरिकच्या डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये फुगा आणला, तोही पायातच. हृदयाची पाळी आली १९७७ मध्ये.

मामंजींच्या मांडीतल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवला. जखम तीन महिन्यांत भरली. दोन खांबांचे वीस झाले. विचारलं की ऐटीत सांगायचे, "आराम अदीनि!"

दोन वर्षांनी ते पुन्हा पाचव्या खांबाशी थबकले. आत्याबाईंनी घाबरून विचारलं, "एवढा खर्च वाया गेला का हो?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. फुगा आतला थर चेपतो, तडकवतो, भिंत ताणतो. ती भिंतही एक जखमच. ती भरून येताना आत नवा थर वाढतो आणि वाट पुन्हा अरुंद होते. कमरेजवळची रक्तवाहिनी रुंद आणि सरळ असते. तिथं पाच वर्षांनीही बहुतेकांची वाट उघडी राहते. मांडीतली लांब, शिवाय गुडघा वाकताना पिळवटणारी. तिथला अडथळा लांबलचक असला तर नुसत्या फुग्यानंतर वर्षभरातच जवळपास निम्म्या जणांना पुन्हा त्रास होऊ शकतो. गुडघ्याखाली तर त्याहून कठीण. "पण त्या काळात जखम भरली, पाय वाचला. भरलेली जखम सांभाळायला तेवढं रक्त लागत नाही," हे त्यांचं वाक्य आत्याबाईंना पटलं.

दुसऱ्या वेळी औषध लावलेला फुगा सुचवला. यानं वाट जास्त दिवस उघडी राहते. पण अशा फुग्यांमुळे मृत्यूचं प्रमाण वाढतं का, अशी शंका २०१८ मध्ये एका अभ्यासातून निघाली होती. घरात दोन दिवस विचार झाला, अखेर मामंजीच म्हणाले, "करू या." २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं अधिक माहिती तपासून तसा वाढीव धोका दिसत नाही, असं जाहीर केलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

बायपासचा पर्यायही असतो. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत पायाची शीर चांगली असेल तर बायपास सरस ठरला. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा बरा ठरला. तेव्हा शेजाऱ्याला जे लागू पडलं ते आपल्याला पडेलच असं नाही. रक्तवाहिनी कुठली, अडथळा किती लांब, शीर कशी, हे डॉक्टरांना विचारावं.

आता मामंजींची तंबाखू सुटली आहे. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी रोज चालू असते. पायातला आजार हृदयालाही इशारा असतो. रोज पोटरी धरेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. या चालण्यानंही अंतर वाढतं. रात्री आत्याबाई बॅटरी घेऊन त्यांचे तळपाय तपासतात. ठरलेल्या तारखेला डॉपलर होतोच.

वाचकहो, घरात कुणाची पोटरी चालताना धरत असेल आणि थांबल्यावर सुटत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. पायावरची न भरणारी जखम तर एक दिवसही थांबवू नका. आणि फुगा घातला असेल, तर खांब मोजत राहा. कमी होऊ लागले, की लगेच डॉक्टरांना सांगा.