दगड घासण्याचा अभ्यास

पाटण, रविवार

चि. माऊ,


परवा तुझ्या आईचा फोन आला होता. अर्धा तास बोलली, आणि त्यातला निम्मा वेळ एकाच वाक्यावर : "एवढं शिकून पोरगी तिकडे जाऊन दगडावर दगड घासणार?" मी म्हटलं, ताई, आपली आजी जन्मभर जातं ओढत होती, तिला कुणी डॉक्टरेट दिली नाही, ही तर मिळवायला निघाली आहे. तिने फोन ठेवून दिला. आता तिची समजूत तूच काढ. मी आपले मुद्दे पुरवतो.

जात्याचं मी अगदी गमतीने म्हटलं नव्हतं. वापरून वापरून जातं गुळगुळीत झालं की पीठ पडत नाही, मग टाकी लावून घ्यावी लागते, हे आमच्या आजीला पक्कं ठाऊक होतं. दोन दगड एकमेकांवर ठेवले तर आपल्याला वाटतं, सगळीकडे चिकटून बसले. खरं तर ते थोड्याशा उंचवट्यांवरच टेकलेले असतात, बाकी सगळी फट. वरचा सगळा भार त्या टिंबांवर येतो. जमिनीखालच्या भ्रंशाचंही, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेचंही, असंच. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या तुझ्या जेम्स डीटरिचने सगळी हयात या टिंबांपायी घालवली.

त्याच्याआधी 1966 साली एमआयटीतल्या ब्रेस आणि बायर्ली या गुरुशिष्यांनी एक साधी गोष्ट मांडली होती. प्रचंड दाबाखाली दगडावर दगड सरकवला तर तो सरळ सरकत नाही. अडकतो, जोर साठतो, मग एकदम सुटतो, पुन्हा अडकतो. पावसाळ्यात फुगलेला टेबलाचा खण ओढताना होतं तसं. उथळ भूकंप म्हणजे हेच अडकणं-सुटणं असावं, असं त्यांचं म्हणणं. बायर्लीने पुढे 1978 साली आणखी चमत्कारिक गोष्ट दाखवली : पुरेशा दाबाखाली ग्रॅनाइट घ्या, वालुकाश्म घ्या, चुनखडी घ्या, घर्षण जवळजवळ सारखंच. दगडाची जात विचारायचं कारणच उरत नाही. अपवाद काही चिकणमातीच्या खनिजांचा. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशाला तीनेक किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा वर आलेल्या गाभ्यात अशीच एक निसरडी माती निघाली.

पण मला डीटरिचचं काम जास्त आवडतं, कारण त्याने दगड घासण्याइतकंच लक्ष दगड थांबवण्याकडे दिलं. मेन्लो पार्कला अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात तो होता. दगड सरकवायचा, थांबवायचा. एक सेकंद, दहा, शंभर, हजार. मग पुन्हा ढकलायचा आणि किती जोर लागला ते लिहून ठेवायचं. थांबलेला दगड जितका जास्त वेळ थांबेल तितका हलवायला जड जातो. पण वेळ दहापट केला की जोर जेमतेम टक्का-दोन टक्के वाढतो, पुन्हा दहापट केला की पुन्हा तेवढाच. हा निबंध 1972 चा. एवढ्याशा वाढीसाठी आयुष्य वेचायचं म्हणजे तुझ्या आईला वेडेपणाच वाटणार. पण बघ, ही वाढ नसती तर एकदा सुटलेला भ्रंश पुन्हा अडकलाच नसता, आणि अडकला नाही तर पुढचा भूकंप कुठून येणार? पुढे 1994 साली त्याने आणि किलगोर नावाच्या सहकाऱ्याने पारदर्शक तुकडे दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. ती टेकलेली टिंबं बसल्या जागी हळूहळू मोठी होताना दिसली.

डीटरिचच्या सूत्रात घर्षण दोन गोष्टींवर ठरतं : आत्ता किती वेगाने सरकतोय, आणि टेकलेली टिंबं किती जुनी आहेत. म्हणजे दगडाला स्मरण आहे, आणि ते पुसायला केसाच्या जाडीहूनही कमी सरकणं पुरतं. या सूत्राला पक्कं रूप 1983 साली अँडी रुइनाने दिलं. काही भ्रंश वर्षानुवर्षं गुपचूप सरकत राहतात आणि काही एकदम तुटून पडतात, हे दोन्ही त्यातून निघतं. मोठ्या धक्क्यानंतरचे छोटे धक्के कसे ओसरतात याचा नियम जपानच्या ओमोरीने 1894 साली नुसत्या नोंदींवरून काढला होता. बरोबर शंभर वर्षांनी डीटरिचने तो घर्षणातून काढून दाखवला. मला हा त्याचा सगळ्यात देखणा निबंध वाटतो. गणित मला सगळं झेपलं नाही, हे आपल्या दोघांत.

आता एक सावधगिरीची गोष्ट. शाळेत असताना मी नववीच्या पोरांना भूकंप दाखवायला वीट, दोरी आणि ताणकाटा घेऊन बसलो होतो. फळीवर पॉलिश पेपर डकवला, काटा सावकाश ओढला. वीट अडकते, उडी मारते, अडकते, उडी मारते. पोरं खूश. मी फुशारकीने सांगितलं, आता बरोबर सात मोजले की उडी मारेल. वीट अकरापर्यंत हलली नाही, आणि पुढची उडी तिने तीनलाच मारली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, हिला मराठी कळत नाही." कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला मोठ्या लोकांचं हेच झालं. तिथे 1857 पासून 1966 पर्यंत सहा मध्यम भूकंप झाले होते, सरासरी बावीस वर्षांच्या अंतराने. म्हणून 1985 साली जाहीर केलं की पुढचा 1993 च्या आत येणार. यंत्रं मांडून सगळे बसले. तो आला 28 सप्टेंबर 2004 ला, आणि इतक्या यंत्रांनी वेढलेला असूनही त्याने आधी काही ठळक इशारा दिला नाही. तेव्हा "भूकंप कधी होणार ते सांगेन" असं कुणालाही कबूल करू नकोस. आईला तर मुळीच नको.

आपल्या इथलंही सांगतो. कोयनेचा भूकंप : 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. तुझी आजी सांगते, आधी मांडणीवरची भांडी पडली, मग घर हललं. मला वाटतं उलट झालं असणार, पण तिच्याशी वाद कोण घालणार? लोक अजून म्हणतात, धरणाचं पाणी खाली मुरलं आणि दगडांना वंगण मिळालं. वंगण नव्हे गं. भेगेतलं पाणी दोन्ही बाजू आतून रेटतं, त्यामुळे त्यांना दाबून धरणारा भार हलका होतो आणि तेवढ्याच घर्षणात दगड सुटतो. अमेरिकेत रँजलीच्या तेलक्षेत्रात मुद्दाम पाणी दाबून आणि उपसून धक्के वाढवून-कमी करून पाहिले होते. कोयनेचे धक्के अजून थांबलेले नाहीत. त्यांच्या अभ्यासासाठी जवळच्या गोठण्याला 2017 साली तीन किलोमीटरचं विवर खणून झालं. सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण, खाली ग्रॅनाइट. तुझं यंत्र तिकडचं असलं तरी त्यात घालायचा दगड इकडचाही असू शकतो, एवढं डोक्यात ठेव.

थंडीचे कपडे घेतलेस ना? पहिले काही महिने नुसता तुकडा सपाट करण्यातच जातील, तेव्हा कंटाळून फोन करू नकोस. करायचाच तर आजीला कर. आणि सुट्टीत येशील तेव्हा घासून झालेला ग्रॅनाइटचा एखादा तुकडा घेऊन ये. आजीला त्यावरून हात फिरवून बघायचा आहे, टाकी कशी लावलीय ते.

तुझा,
मामा